घरच्या बागेत बीट: पेरणीपासून काढणीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, परसात, गच्चीवर किंवा बाल्कनीत बीट लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: पाला भरपूर आला, पण खाली काहीच नाही. त्यामागे दाटी, अपुरं ऊन आणि चुकलेली पेरणीची वेळ यांपैकी एक कारण हमखास सापडतं. म्हणून खालच्या उत्तरांत या तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे. मापं घरगुती बागेसाठीची आहेत, एकरासाठीची नाहीत.

बीट नेमकं कधी पेरायचं?

बीट हे थंडीचं पीक. कंद पोसण्याच्या दिवसांत दिवसाचं तापमान १८ ते २५ अंशांच्या आसपास आणि रात्री गार असल्या की रंग गडद येतो आणि गोडी भरते. त्यामुळे पेरणीची तारीख ठरवताना उलटं मोजावं. पेरणीपासून काढणीपर्यंत ७० ते ८५ दिवस लागतात आणि त्यातले शेवटचे ३५-४० दिवस थंडीत यायला हवेत.

देशावर, म्हणजे पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर, संभाजीनगर या पट्ट्यात १५ ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरणी चालते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात निर्धोक. विदर्भात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरअखेर उरकून घ्यावं, कारण फेब्रुवारीच्या शेवटी तिथलं ऊन झपाट्याने चढतं. मुंबई, कोकण आणि गोव्यात थंडी उशिरा येते आणि थोडीच टिकते, म्हणून नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा मध्य एवढीच काय ती खिडकी. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी पावसाने उघडीप दिली की पेरणी सुरू करता येते आणि जानेवारीतही ती चुकीची ठरत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याची घाई टाळावी. परतीचा पाऊस वाफा बडवून जातो, मागोमाग ऑक्टोबरचं ऊन वरचा थर कडक करतं, आणि कोंब त्या थराखालीच वाकडे होतात.

मार्चमध्ये पेरलं तर?

उगवेल, पाला येईल, तो कोवळा असताना भाजीला वापरा. कंदाची आशा धरू नका. आला तरी लहान, धागेदार आणि आतून पांढऱ्या वलयांचा येतो.

एकदाच सगळं पेरावं का?

नको. चार माणसांच्या घरात आठवड्याला दोन-तीन बिटं पुष्कळ झाली. दर पंधरा दिवसांनी १२ ते १५ रोपं होतील एवढंच पेरा, म्हणजे १ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर, १ डिसेंबर असे तीन हप्ते. सगळं एकाच वेळी पेरलं की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेजारीपाजारी बिटं वाटत फिरावं लागतं.

कोणतं वाण घ्यावं?

बियाण्याच्या दुकानात सहज मिळणारी दोन जुनी, सरळ वाणं म्हणजे डेट्रॉइट डार्क रेड आणि क्रिमसन ग्लोब. दोन्ही गोल, गडद लाल आणि घरच्या बागेला पुरेशी. संकरित बियाणं महाग असतं. कंद एकसारख्या आकाराचे येतात हा त्याचा फायदा विकणाऱ्याला जास्त आणि खाणाऱ्याला कमी. पिवळी बिटं, किंवा चिओजासारखी लाल-पांढऱ्या वलयांची बिटं हौसेखातर लावायला हरकत नाही, पण पिवळ्या वाणांची उगवण बहुधा कमी असते, तेव्हा बी थोडं जास्त टाका.

पाकिटावर चाचणीची तारीख आणि वैधता बघून घ्या. एका ग्रॅममध्ये साधारण ५० ते ६० बिया भरतात, त्यामुळे १० ग्रॅमचं पाकीट एका घराला दोन हंगाम पुरतं.

एकच बी टोचलं होतं, तिथे तीन-चार रोपं कशी आली?

कारण ते एक बी नव्हतंच. खडबडीत, बुचासारखा जो दाणा आपण पेरतो तो दोन ते पाच फुलांच्या एकत्र चिकटलेल्या फळांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येक फळात एक खरं बी असतं. म्हणून बिटाला विरळणी चुकत नाही, बी कितीही मोजून टाकलं तरी.

घरच्या बागेत बीट फसतं ते बहुतेक इथेच. उगवलेलं रोप उपटायला हात धजावत नाही, आणि मग चार रोपं एकाच ठिकाणी गुंतून वाढतात. एकालाही पोसायला जागा मिळत नाही. चारही मुळं बोटाएवढी राहतात.

विरळणी दोनदा करा. रोपांना खरी दोन पानं फुटली की, म्हणजे उगवणीनंतर १२-१५ दिवसांनी, प्रत्येक ठिकाणचं सगळ्यात जोमदार एक रोप ठेवून बाकीची लहान कात्रीने जमिनीलगत कापून टाका. उपटू नका. मुळं एकमेकांत अडकलेली असतात आणि ठेवायचं रोपही हलतं. दुसरी विरळणी साधारण महिन्याने: दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर राहील असं बघा. कापलेली रोपं फेकायची नाहीत. ती बारीक चिरून पराठ्याच्या कणकेत किंवा कोशिंबिरीत छान लागतात.

बी भिजवून पेरायचं का?

हो. बीभोवतीच्या बुचासारख्या आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती पाण्यात उतरतात. रात्रभर, ८ ते १२ तास साध्या पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी ओतून टाका आणि बी चाळणीत घेऊन नळाखाली दोन मिनिटं धुवा. सावलीत फडक्यावर पसरून वरचं पाणी सुकलं की लगेच पेरा. चोवीस तासांपेक्षा जास्त भिजवलं तर बी गुदमरतं आणि कुजतं.

रोपं कोलमडण्याचा त्रास आधी झाला असेल तर पेरण्यापूर्वी ओलसर बीला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर, चोळा. १० ग्रॅम बीला चिमूटभर पुरे.

पालकाचं बी आणि बिटाचं बी सारखंच दिसतं. दुकानदाराने फसवलं का?

तसं असेलच असं नाही. आपल्याकडे जुडीने मिळणारा देशी पालक हा बिटाचाच सख्खा भाऊ. दोघांची जात एकच, बीटा व्हल्गारिस. पालक पानांसाठी निवडला गेला, बीट मुळासाठी. विलायती पालक, म्हणजे स्पायनेशिया, हा वेगळा. त्यामुळे देशी पालकाचे आणि बिटाचे दाणे हातात घेऊन ओळखणं कठीण आहे. उगवल्यावर मात्र फरक कळतो: गडद लाल बिटाच्या कोंबाचा देठ गुलाबी-लाल असतो, पालकाचा हिरवा.

या नात्याचा व्यवहारात उपयोग असा, की ज्या वाफ्यात नुकताच पालक, चाकवत किंवा माठ होता तिथे लगेच बीट लावू नये. पानं खाणाऱ्या अळ्या, पानांवरचे ठिपके, सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी) यातलं बरंच काही त्यांच्यात सामाईक आहे. वाल, घेवडा, गवार, भुईमूग यांच्यामागून बीट घेतलेलं उत्तम. एकाच वाफ्यात पुन्हा बीट घ्यायला दोन-तीन वर्षं जाऊ द्यावीत.

माती कशी हवी? आमच्याकडे काळी चिकण माती आहे.

बिटाला ६ ते ७.५ सामू (पीएच) चालतो आणि माती ३० सेंटिमीटरपर्यंत भुसभुशीत लागते. काळ्या मातीत अडचण पाण्याच्या निचऱ्याची आणि घट्टपणाची. तिथे गादीवाफा करा: १ मीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच, लांबी सोयीप्रमाणे. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी असतानाच खणा. ओली खणलीत तर ढेकळं होतात आणि ती हंगामभर फुटत नाहीत. प्रत्येक चौरस मीटरला ४ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा २ किलो गांडूळखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि मिळाल्यास एक घमेलं जाड वाळू वरच्या वीतभर थरात नीट मिसळा. ढेकळं आणि खडे वेचून काढा; मुळाच्या वाटेत खडा आला की कंद दुभंगतो.

कोकणातल्या जांभ्या मातीचा प्रश्न उलटा. ती आम्ल असते आणि बिटाला आम्लता सोसत नाही: पानं खुरटतात, कडा लालसर होतात, वाढ थांबते. पेरणीच्या महिनाभर आधी चौरस मीटरला १५० ग्रॅम कृषी चुना मिसळून पाणी द्या. चुलीतली राख असेल तर तीही चालेल, ५०-६० ग्रॅम. हीच राख देशावरच्या काळ्या मातीत घालू नये, तिथला सामू आधीच चढा असतो. समाजमाध्यमांवर राखेचं जे सरसकट कौतुक चालतं ते माती न विचारता केलेलं असतं.

मुरमाड जमिनीत खत दीडपट घाला आणि पाण्याच्या पाळ्या वाढवा, बाकी काही वेगळं नाही.

ग्रो बॅगमध्ये किती रोपं लावावीत?

१२ इंच रुंद आणि १२ इंच उंच बॅगेत पाच: चार कडेने, एक मधे. त्यापेक्षा जास्त लावली तर सगळीच लहान राहतात. २४ बाय १२ इंचांच्या आयताकृती बॅगेत दोन ओळींत मिळून दहा. खोली किमान १० इंच हवी, ६ इंचांच्या ट्रेमध्ये फक्त पाला होतो.

मिश्रण घमेल्याने मोजा: ४ भाग माती, ३ भाग गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग वाळू. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात, म्हणून ते भिजवून, पिळून, पाणी बदलून दोन-तीन वेळा धुवून घ्या. एका बॅगेत सुमारे २० लिटर मिश्रण बसतं आणि पाणी दिल्यावर ती २५ किलोच्या घरात जाते. दहा-बारा बॅगा ठेवणार असाल तर गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळई किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा.

बाल्कनीत दोन-तीन तासच ऊन येतं. जमेल का?

कंदासाठी नाही. किमान सहा तास थेट ऊन हवं. तीन तासांच्या उन्हात पाल्यासाठी लावा, आणि कंद पाहिजेच असतील तर एखादी बॅग गच्चीवर नेण्याची परवानगी सोसायटीकडून मिळवा.

पेरणीची पद्धत काय?

वाफ्याला आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी वाफसा आला की ३० सेंटिमीटर अंतरावर दीड ते दोन सेंटिमीटर खोल रेघा ओढा आणि दर ५ सेंटिमीटरवर एक दाणा ठेवा. वरून मातीऐवजी चाळलेलं गांडूळखत किंवा कोकोपीट घाला. माती घातली की झारीच्या पाण्याने तिच्यावर खपली धरते आणि नाजूक कोंबाला ती फोडता येत नाही. तळव्याने हलकं दाबा, बारीक भोकांच्या झारीने पाणी द्या आणि वरून पोत्याचं फडकं किंवा पेंढा पसरा. चौथ्या दिवसापासून रोज उचलून बघा आणि पहिले कोंब दिसले की तो आच्छाद लगेच काढा; एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट, पिवळी होतात.

नोव्हेंबरात ५ ते ८ दिवसांत उगवण होते, डिसेंबरच्या थंडीत १० ते १४ लागू शकतात. उगवणीच्या काळात बोअरचं खारं पाणी टाळा. मोठं झालेलं बीट क्षार बऱ्यापैकी सोसतं, कोंब मात्र सोसत नाही.

लाल-हिरवे कोंब चिमण्यांना आणि बुलबुलांना फार आवडतात. सकाळी रोपांच्या जागी नुसते देठ उभे दिसले तर अळी शोधत बसू नका, पहिले तीन आठवडे वाफ्यावर जाळी बांधा.

रोपं तयार करून लावली तर चालतात का?

गाजर-मुळ्यापेक्षा बीट या बाबतीत सोशिक आहे. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे छोट्या खणांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये, पेरून २०-२५ दिवसांनी, तीन-चार पानांची रोपं मातीच्या गड्ड्यासकट संध्याकाळी लावली तर चांगली लागतात. लावताना मुख्य मूळ खड्ड्यात सरळ खाली सुटायला हवं. ते दुमडलं की कंद वाकडा होतो. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे थंडीचे दिवस मोजके असतात, तिथे ही पद्धत थेट पेरणीपेक्षा सोयीची, कारण उगवणीचे तीन आठवडे सावलीतल्या ट्रेमध्ये निघून जातात.

पाणी किती आणि केव्हा?

पाण्यात सातत्य हवं. आठवड्याला प्रत्येक चौरस मीटरला २० ते २५ लिटर, दोन पाळ्यांत विभागून. काळ्या मातीत पाळ्यांमधलं अंतर एखाद-दोन दिवसांनी वाढवा. ग्रो बॅगला डिसेंबरात एक दिवसाआड दीड लिटर, फेब्रुवारीत रोज. मातीत पहिल्या पेरापर्यंत बोट घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी द्या.

आठ दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की कंद उभे तडकतात. गावाला जाऊन आल्यावर अपराधी भावनेने वाफा तुडुंब भरणाऱ्यांच्या बागेत हे हमखास दिसतं. अशा वेळी दोन-तीन दिवसांत थोडं थोडं करून ओल परत आणावी.

रोपं वीतभर झाली की उसाचं पाचट, सुका पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा दोन बोटं जाड पसरा. ओल टिकते, तण कमी होतं, कंदाचा उघडा भाग उन्हाने राठ होत नाही.

वरखत काय द्यावं? पाला जोरात आहे, कंद मात्र धरत नाही.

हे दोन प्रश्न एकत्रच येतात, कारण बहुधा पहिल्यातूनच दुसरा जन्मतो. युरिया, कोंबडीखत, ताजं शेण, दर आठवड्याला जीवामृत, असं नत्र (नायट्रोजन) वाढत गेलं की झाड पानांकडे वळतं. पेरणीआधी वर सांगितलेलं खत घातलं असेल तर महिन्याने ओळीच्या कडेने प्रति फूट एक मूठ गांडूळखत पुरे. ४५ दिवसांनी पालाश उपयोगी पडतं: सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे दुकानातलं ०:०:५०, ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या.

पाला दणकट आणि मूळ बारीक असेल तर या क्रमाने तपासा. दोन रोपांत चार बोटं जागा आहे का? नसेल तर आजच विरळा. ४० दिवसांपर्यंत केलेली विरळणीसुद्धा कामी येते. सहा तास ऊन आहे का? नत्राचं काही देत आहात का? असाल तर थांबवा. आणि पेरणी होऊन किती दिवस झाले तेही मोजा, कारण पहिले ४० दिवस बीट वर पानंच वाढवतं, त्यानंतर कंद भराभर फुगतो. पस्तिसाव्या दिवशी उकरून बघणाऱ्यांची निराशा व्हायचीच.

बिटाला मीठ घालावं असं ऐकलं. खरं का?

बीट समुद्रकाठच्या रानटी झाडापासून आलं आहे आणि पालाशच्या थोड्या भागाऐवजी ते सोडियम वापरू शकतं, त्यामुळे इंग्लंडकडच्या हलक्या, पावसाने धुतल्या जाणाऱ्या जमिनीत ही जुनी पद्धत होती. आपल्या काळ्या मातीत मीठ घालणं म्हणजे ती हाताने चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, करणं. घालू नका.

कापल्यावर आत पांढरी वलयं दिसतात. रोग आहे का?

रोग नाही, उष्णता आहे. कंद भरत असताना गरम दिवस आले की लाल रंग सगळ्या थरांत सारखा भरत नाही. खायला बीट चांगलंच असतं, गोडी थोडी कमी. पुढच्या वर्षी पेरणी दोन-तीन आठवडे मागे-पुढे करून बघा. वाण चिओजा असेल तर वलयं असणारच.

आत काळे, बुचासारखे डाग आहेत.

ही बोरॉनची कमतरता. चुनखडीयुक्त, चढ्या सामूच्या जमिनीत आणि पाण्याने धुपलेल्या जांभ्या मातीतही ती दिसते, आणि पाण्याचा ताण पडला की वाढते. बाहेरून खूण अशी: मधली कोवळी पानं वेडीवाकडी होतात, काळी पडून मरतात, कंदाच्या खांद्यावर खरखरीत चट्टे येतात.

उपाय स्वस्त आहे पण मोजूनच करायचा. पेरणीआधी चौरस मीटरला १ ग्रॅम बोरॅक्स. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. तो ४ लिटर पाण्यात विरघळवा आणि दर चौरस मीटरला १ लिटर झारीने शिंपा. पीक उभं असेल तर १ ग्रॅम प्रति लिटर द्रावणाची फवारणी ३० आणि ४५ दिवसांनी. ग्रो बॅगमध्ये मातीत न घालता फक्त फवारणी करा. बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात आणि त्या वाफ्यात पुढे लावलेल्या घेवड्यालाही त्रास होतो.

कंद दुभंगलेले, पायजम्यासारखे आले.

खडे, न फुटलेली ढेकळं, ताजं शेणखत, किंवा लावताना दुमडलेलं मूळ. मुळांवर गाठीही दिसत असतील तर सूत्रकृमी आहेत. त्या वाफ्यात पुढच्या हंगामात झेंडू घ्या आणि निंबोळी पेंड दुप्पट करा.

पानांवर रोग-किडी कोणत्या येतात?

कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर, म्हणजे पाणी जास्त आणि दाटी. पाणी कमी करा, विरळा, ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति लिटर करून मुळाशी द्या. रोप स्वच्छ कापल्यासारखं पडलेलं असेल तर तो कातरकिडा. रात्री बॅटरी घेऊन बघा किंवा रोपाशेजारची माती दोन बोटं उकरा. वेटोळं करून बसलेली करडी अळी सापडते.

पानावर नागमोडी पांढऱ्या रेषा नागअळीच्या. ती पानं तोडून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नकोत. पानं जाळ्याने गुंडाळून आत हिरवी अळी बसलेली दिसली तर तीच माठावरही सापडेल, हाताने वेचा. पानांमागे मावा असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, त्यात थोडा साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

करड्या मध्याचे, लाल-जांभळ्या कडेचे गोल ठिपके म्हणजे सर्कोस्पोरा बुरशी. ढगाळ, दमट हवेत वाढते. खालची ठिपकेदार पानं काढा, पाणी पानांवर न टाकता मुळाशी द्या. पाच-दहा ठिपक्यांनी कंदाचं काही बिघडत नाही. फारच पसरली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर, आणि मग त्या झाडांचा पाला खायचा नाही.

कंद कुरतडलेले असतील तर घूस किंवा उंदीर. काढणीला आलेलं बीट जमिनीत ठेवू नका, हाच सरळ इलाज.

कंद जमिनीच्या वर आला आहे. माती चढवायची का?

निम्मा कंद वर दिसणं स्वाभाविक आहे. उन्हाने वरचा भाग राठ होऊ नये म्हणून आच्छादन किंवा बोटभर मातीची भर पुरे. पानांच्या गाभ्यावर माती जाऊ देऊ नका, तिथे कूज लागते.

काढणी केव्हा आणि कशी?

दिवस मोजण्यापेक्षा कंदाचा खांदा बघा. माती बोटाने बाजूला करा. रुंदी ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे टेनिसच्या चेंडूएवढी झाली की काढा. पाकिटावर ६० दिवस छापलेले असले तरी आपल्या थंडीत ७० ते ८५ धरा. सगळे कंद एकदम तयार होत नाहीत. मोठे आधी काढले की शेजारच्यांना जागा मिळते आणि तेही भरतात. ८ सेंटिमीटरच्या पुढे गेलेले कंद बहुधा धागेदार निघतात, आणि फेब्रुवारीअखेर ऊन तापल्यावर तर लहानसुद्धा राठ होतात.

आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. सकाळी कंदापासून वीतभर लांब खुरपं घालून माती सैल करा, पानांचे देठ बुडाशी एकत्र धरून सरळ वर ओढा. नुसता पाला ओढला तर तो तुटून हातात येतो. मग पाला लगेच काढा, पण कंदालगत कापू नका: ३-४ सेंटिमीटर देठ ठेवून पिळून तोडा. खालची शेपटीही तशीच राहू द्या. दोन्हीकडून कापलेलं बीट उकडताना रंग आणि गोडी पाण्यात सोडतं.

नीट जमलं तर एका चौरस मीटरमधून साडेतीन ते पाच किलो कंद मिळतात.

पाला खाता येतो का?

येतो आणि खावा. महिन्याच्या पुढच्या रोपांवरून एका वेळी बाहेरची दोनच पानं घ्या, जास्त घेतली तर कंद लहान राहतो. लसूण-मिरचीची परतून भाजी, मूगडाळ घालून भाजी, पीठ पेरून भाजी, पालकाचं जे जे करता ते सगळं चालतं. पाल्यात ऑक्झलेट बरंच असतं, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावा.

साठवण?

धुवू नका. माती हाताने झटका, दोन तास सावलीत सुकवा, जखमी कंद वेगळे काढून आधी वापरा. बाकीचे भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तीन-चार आठवडे टिकतात. पाला तसाच ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढतो आणि चार दिवसांत बीट लिबलिबीत होतं. ओल्या वाळूत पुरून ठेवण्याची पद्धत थंड देशांतली आहे. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर घरातली वाळू पुरेशी गार राहत नाही.

घरच्या बिटाला मातीचा वास येतो.

तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही तेच असतं. ते सालीत आणि सालीजवळ जास्त असतं आणि आंबटाने मोडतं. साल जाड काढा, आणि कोशिंबिरीत दह्याबरोबर लिंबाचे चार थेंब पिळा. आंबटाने लाल रंगही टिकतो; सोडा घातला तर तो पिवळट-तपकिरी होतो. उकडायचं असेल तर सालीसकट, मध्यम कंदांना कुकरच्या चार शिट्ट्या. गार झाल्यावर साल अंगठ्याने सुटते.

बीट खाल्ल्यावर लघवी लाल झाली.

काही जणांना होते. बिटाचा रंग शरीरात पूर्ण न मोडता बाहेर पडतो, दिवसभरात थांबतं. बीट न खाता लाल दिसली तर मात्र डॉक्टरांकडे जा.

वरचा कापलेला तुकडा पाण्यात ठेवला, पानं फुटली. नवं बीट होईल का?

नाही. पानं येतील, मातीत लावलंत तर कधी फुलोराही येईल, नवा कंद येणार नाही.

घरचं बी धरता येतं का?

बीट द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी कंद, मग काही आठवडे १० अंशांखालची थंडी, आणि त्यानंतर फुलोरा. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत एवढी सलग थंडी मिळत नाही, म्हणून बी डोंगराळ, थंड प्रदेशांतून येतं. निफाडसारख्या कडक थंडीच्या ठिकाणी एखादं झाड अवचित दांडा काढतं; त्याचा कंद लगेच काढून वापरा, तो राठ होत जातो. शिवाय बिटाचे पराग वाऱ्याने उडतात आणि फुललेला देशी पालक जवळपास असेल तर संकर होतो, तेव्हा असं हाती लागलेलं बी विश्वासाचं नसतं.

गेल्या वर्षीचं उरलेलं बी चालेल का?

हवाबंद बरणीत, कोरडं ठेवलेलं तीन-चार वर्षं उगवतं. पेरण्याआधी दहा दाणे भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा, डब्यात ठेवा, रोज ओल बघा. दहाव्या दिवशी सहा किंवा जास्त दाण्यांना मोड असतील तर नेहमीप्रमाणे पेरा, चार-पाच असतील तर दर ठिकाणी दोन दाणे टाका. त्याहून कमी असतील तर नवं पाकीट आणा.